साक्षीदार क्रमांक चार

बायाक्का चौगलेला मी कोर्टात मागच्या दारानं आत घेतलं.
पुढच्या पायऱ्यांवर आरोपीचा चुलता बसलेला,
पांढरा सदरा, मांडीवर मोबाईल.
परवा गंगावेशीत दूध पिता पिता
त्यानं विचारलं होतं,
"म्हशी बऱ्या हायत न्हवं, मावशी?"
एवढंच.
तक्रार घेताना हवालदार म्हणाला, यात धमकी कुठाय?
ती म्हणाली, "धा वर्सं दूध पितोय.
म्हशींची चौकशी कधी केली न्हाई."
मग त्यानं पेन उघडलं.

काय बघितलंस, हे मी विचारत नाही. विचारायचं नसतं.
मी फक्त रिकामी खोली दाखवते:
ही जज्जसाहेबांची खुर्ची, इथं टायपिस्ट,
इथं पडदा लागेल, त्याचं तोंड तुला दिसणार नाही.
प्रश्न कळला नाही तर म्हण, कळला नाही.
आठवत नसेल तर म्हण, आठवत नाही.
"आसं म्हटलेलं चालतंय?"
चालतं.
तिनं ते दोनदा पुटपुटून बघितलं,
नव्या, करकरणाऱ्या चपलेत पाय घालून बघावा तसं.

उलटतपासणी पावणेबाराला.
खांबावर दिवे किती होते?
आठवत न्हाई.
सदऱ्याला बटणं कसली?
आठवत न्हाई.
"मग आठवतंय तरी काय, बाई?" वकील हसले.
"किटली पडली. दूध त्या पोराच्या रगतात गेलं.
म्हशीनं दोन दीस पान्हा चोरला."
"विचारलं तेवढंच सांगा."

कागदावर आलं: साक्षीदारास आठवत नाही.
खाली: साक्षीदाराने पाणी मागितले.
तिनं मागितलं नव्हतं. मीच दिलं होतं.
हात असा हालत होता की अर्धं लुगड्यावर सांडलं.
ते कुठंच नाही.

रिक्षात गप्प होती.
दसरा चौकात सिग्नलला एकदम म्हणाली,
"मी वंगाळ बोलले काय?"
याचं उत्तर मला येत नाही,
आलं असतं तरी द्यायचं नव्हतं.
मी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस?
ती म्हणाली, धारंची येळ झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कट्ट्यावर गेले.
अंधारात पांढरे सदरे पुष्कळ होते,
एकेकाचं तोंड बघून घेतलं.
"मोठा गलास का ल्हान?"
तिनं ओळख दाखवली नाही. शहाणी बाई.
मोठा, म्हटलं,
आणि प्यायला खूप वेळ लावला.