वखारीतला वर्ग

निपाणीत श्वास घ्यायचा
तर आधी एक शिंक द्यावी लागते.
मोसम सरून दोन महिने झाले तरी
वखारीच्या भिंती तंबाखू विसरत नाहीत.
सकाळी सहाला पत्र्याखाली
चौदा पोरं सतरंज्या झटकतात,
पहिला प्राणायाम तोच –
आक्छी, मग हशा, मग एकदाचं शांत.

मी पुढं उभी.
डावा खांदा उजव्याहून दोन बोटं वर.
शिंपी दोनदा टेप लावतो, तिसऱ्यांदा म्हणतो,
‘ताई, जरा सरळ उभ्या राहा की.’
मी सरळच उभी असते.

तीस वर्षं पदराखालून हा खांदा
चोरीच्या मालासारखा नेला-आणला.
विड्या वळायला बसलं की बरं वाटायचं,
तिथं मांडीवर सूप आणि सगळ्याच वाकलेल्या,
कुणाचा कणा कुठं वळतो
कोण बघतंय?

मग चिकोडीहून बदली होऊन आल्या
नीलगंगा हंचिनाळ, दवाखान्यात नर्स.
माझा एक्सरे खिडकीशी धरून म्हणाल्या,
‘वेदगंगाबी अशीच जाती की, वळून वळून.
पाणी पोचत न्हाई काय?’

त्यांच्या गच्चीवर पहिला दिवस.
‘मरदंग निंद्रु,’ म्हणाल्या.
मी जागीच थिजले.
मर हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा.
दूध उतू गेलं की आई म्हणायची, मर मेले,
त्याचं काही नाही.
पण तिसरं स्थळ परत गेलं त्या संध्याकाळी
चुलत्यानं चप्पल घालता घालता
अगदी हळू म्हटलं होतं.

बाईंनी गल्लीतल्या कडुनिंबाकडं बोट केलं.
‘मर म्हंजे झाड.
झाडासारखी उभी ऱ्हा म्हणतोय मी.’
तारांपासून अंग चोरून
तो पुरता रस्त्यावर कलला होता.

म्हणजे एवढी वर्षं
कुणी मला झाडच म्हणत होतं की काय,
आणि ऐकू तेवढं अलीकडचं आलं?
त्या दिवशी मी चारदा पडले.
पाचव्यांदा पडताना हसू आलं.

खांदा खाली आला नाही, आधीच सांगते,
कारण पोरांच्या आया विचारतात,
योगानं सरळ होतं का हो?
माझं नाही झालं.
डाव्या बाजूला श्वास उशिरा पोचतो
एवढं मात्र आता कळतं.
मी त्याच्यासाठी थांबते,
बाजारात मागं राहिलेल्या धाकटीसाठी
थांबावं तशी.

परवा भैरू पहिल्यांदा आला.
मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर,
बोटांवर कोडाचे डाग, मुठी मिटलेल्या.
दारातूनच विचारलं,
‘बाई, तुमचं खांदं असं का ओ?’
यास्मीननं त्याला चिमटा काढला.
कलमेश ‘ओंदु, एरडु’ मोजत होता, तो थांबला.

जुनी मी असते तर पदर ओढला असता.
हातही गेला होता तिथवर.
मग पाठ वळवली, म्हटलं, बघ हात लावून.
कुर्त्यावरून एक बोट
सावकाश खाली उतरत गेलं.
‘हितं वळतंय.’
हं.
‘आणि हितं परत येतंय.’
मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.
परत येतंय ते.

‘मर!’ मी म्हणते,
आणि निम्मी पोरं रोजच्यासारखी खुदखुदतात.
हसू दे.
एकेक पाय वर, हात वर,
चौदा नव्हे, पंधरा झाडं, एकही सरळ नाही.
भैरूची एक बाही घसरून कोपरापर्यंत आली आहे,
त्याला कळलेलं नाही
किंवा कळलं आहे.
तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी शिंकतं
आणि अख्खं रान
धपाधप सतरंजीवर.