होग्ली, बिड्री

हेल्मेटवर पांढऱ्या रंगात लिहिलंय 'सुरेश'.
मी सुरेश नाही, खरं इथं कोण विचारतंय.

जांबोटीच्या पुढं टेम्पोनं सोडलं तेव्हा
धुकं टायरांपर्यंत आलेलं.
मुलीनं पुण्याहून परस्पर पैसे भरले.
वाढदिवस म्हणे. पंचावन्नावा.
बरोबर टिळकवाडीची चार कॉलेजची पोरं,
त्यांचे गुडघे अजून गुडघ्यांसारखे.

सव्वीस वर्षं उद्यमबागच्या फाउंड्रीत
ओतीव तपासतोय मी.
हातात धातू आला की आधी कानाशी नेतो.
तिथंही कंबरेची कडी काढली,
घराच्या किल्लीनं टिचकी दिली.
ॲल्युमिनियम निघालं. आवाज चोख,
पोकळी नाही, चीर नाही.
"पास काय, सर?" शिवलीला हसली.
मी कामाला लागलो त्या साली
ही बैलहोंगलला पाळण्यात असणार.
आता माझा पट्टा तिनं दोनदा ओढून बघितला,
पोतं बांधल्यासारखा.

घुमटीची व्हाळ काठापर्यंत ओळखीची असते,
शेवाळ, खेकडे, वाहून आलेलं जांभळाचं खोड.
पुढं नुसता आवाज.
त्या आवाजाकडं पाठ करायची,
तोंड दगडाकडं,
आणि जिथं खुर्ची नाही तिथं बसायचं.

"उजवा हात कंबरेखाली. तोच ब्रेक.
हिडीरी म्हटलं की धरा.
बिड्री म्हटलं की ढिला सोडा, निधान.
एवढं कन्नड येतंय न्हवं?"

येतंय की.
चार्जमनची जागा साहेबाच्या मेहुण्याला गेली
तेव्हा साहेबानं चहा मागवून म्हटलं, होग्ली, बिड्री.
वडगावच्या घरात भावानं मधली भिंत
दोन फूट माझ्या अंगावर घातली,
पंच टोप्या झटकत उठले, होग्ली, बिड्री.
उताऱ्यावर कणबरकरचं कनबुरकर झालं,
खिडकीतला कारकून, मान वर न करता, होग्ली, बिड्री.
जाऊ दे, सोडा,
हे मराठीत सांगणारेही कमी नव्हते.
मी दर वेळी मान हलवली
आणि मूठ खिशात घालून घरी आलो.

"सर, बिड्री."
हात ऐकेना.
"बिड्री, सर. दोर आहे. मी आहे. खाली मष्णू आहे."
खाली मष्णू गावडे, मुठीएवढा,
दोराचं टोक धरून वर बघत उभा.
लग्नात नवऱ्याकडं बघतात तसा.

एक वीत सोडलं.
दोर तळव्यातून गेला, ओला, खरखरीत,
आणि मी पडलो नाही.
आणखी एक वीत. डावा बूट घसरला,
खांदा कातळावर आपटला,
नाकातोंडात पाणी, चष्मा गळ्यातल्या दोरीवर,
कुणाला तरी आईवरून शिवी दिली,
बहुतेक पाण्यालाच.
मध्ये एका फटीत रानकेळ उगवलेली.
तिला कुणी पट्टा बांधलेला नव्हता.
तिच्याशेजारी मी बराच वेळ टांगून राहिलो.
वरून कुणी घाई केली नाही.

डोहात उतरलो तर छाती आवळली,
डिसेंबरचं पाणी, दात वाजायला लागले.
"आता बोटं उघडा की," मष्णू म्हणाला.
उघडत नव्हती.
त्यानं एकेक करून सोडवली,
करंगळी सगळ्यात शेवटी.

मग दोन घसरगुंड्या, एक बोगद्यासारखी घळ,
केळीच्या पानातला गार झालेला उपीट.
शेवटी वीस फुटांची उडी.
पोरं ओरडत गेली, एकामागून एक.
मी काठावर गेलो. परत आलो.
पुन्हा गेलो.
हिरवं पाणी. त्यात ढग. ढगात मी,
सुरेश नावाचा.

नाही म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं, व्हाळीत दोनदा ऐकू आलं.
शिवलीलानं बाजूच्या पायवाटेकडं बोट दाखवलं,
दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"होग्ली, बिड्री, सर."

कारवीतून उतरताना
तळहाताला हवा लागत होती, झोंबत होती.