नववं अंडं

ईस्टरच्या रविवारी दवाखान्यात मी एकटीच होते.
गेंटमधली बाकीची दारं बंद, लेये नदी गप्प,
आणि ओदिलोन आत आला. काखेत कुत्रा,
मागे नात, वेताची टोपली छातीशी धरून.

कुत्रा काळा, कोल्ह्याच्या कानांचा, बिनशेपटीचा,
मालवाहू बोटी राखणाऱ्या जातीचा.
नाव प्राउम. काट्यावर साडेसहा किलो.
जीभ बाहेर, डोळे लकलकते,
जगातला सर्वांत सुखी आरोपी.

“चॉकलेट खरंच एवढं वाईट असतं का हो?
माझ्या वडिलांचा कुत्रा दर रविवारी खायचा,
सोळा वर्षं जगला.”

प्रत्येकाच्या वडिलांचा असा एक कुत्रा असतो.
मी त्याला वीस वर्षं ओळखते.
तो चाळीस किलोंचा असतो,
त्याचं चॉकलेट फिकट असतं, दुधाचं,
आणि नखाएवढं.
जे मेले त्यांच्या गोष्टी कुणी जेवताना सांगत नाही.

अति तिथे माती, हे सगळ्यांना पाठ.
पण किती म्हणजे अति, ते वजनकाट्याला विचारावं लागतं.
कोकोतलं ते कडू द्रव्य
आपलं रक्त झोपेपर्यंत बरंचसं विसरतं,
कुत्र्याचं दुसऱ्या दिवशीही धरून बसतं.
कुत्रा काहीच चटकन विसरत नाही.
एरवी आपण याचंच कौतुक करतो.

“किती खाल्ली? कुठली? कधी?”

ओदिलोननं नातीकडे पाहिलं.
योरीन म्हणाली, “घंटांनी टाकली. रोमहून परत येताना.”
आमच्याकडे गुरुवारी चर्चच्या घंटा मुक्या होतात,
रोमला उडून जातात,
रविवारी येताना अंगणात अंडी टाकतात.
सातव्या वर्षी ही चेष्टेची गोष्ट नसते.

“बरं. घंटांनी किती टाकली?”
मी कुत्र्याचे डोळे तपासत विचारलं.

चाळीस वर्षं पाण्याचा तळ बांबूनं जोखणारा माणूस
माझ्या टेबलापाशी गाळात रुतला.
प्राउमची धाप तेवढी ऐकू येत होती.
मग त्यानं घसा खाकरला.

“पहाटे डेकवर होतो. मोजली मी.
बावीस पडली.
घंटा फार खालून गेल्या, म्हणून कागदही वाचता आला.
ऐंशी टक्के काळं. एकेक बारा ग्रॅम.
दहाच्या सुमाराला.”

“आजोबा! मला का नाही उठवलंत?”

टोपलीत तेरा होती.
बावीसातून तेरा गेले, नऊ.
साडेसहा किलोंवर ते नऊ मांडले
आणि सुई भरली.

पुढचं सुंदर नव्हतं. घमेलं, तपकिरी फेस,
फेसात सोनेरी कागद.
चिमट्यानं एकेक उलगडून मी ओळीनं लावले.
आठ.
पुन्हा मोजले. आठच.
ओदिलोन कुत्र्याच्या पोटाकडे असा बघत राहिला
जणू तिथून कुणी हाक मारणार आहे.

योरीननं रेनकोटच्या खिशात हात घातला.
अंडं हाताच्या उबेनं चेपलं होतं.
“हे मी प्राउमसाठी ठेवलं होतं.
घंटा त्याला काहीच देत नाहीत.”

ते मी काढून घेतलं.
कुत्र्याला कोळशाचं काळं पाणी पाजलं,
तारा लावल्या, म्हटलं, रात्रभर इथेच राहू दे.
मिनिटाला एकशे नव्वद ठोके,
बंद बोटीचं इंजिन एकटंच सुरू राहावं तसे.

दारात ती वळली.
“ते खरंच विष आहे?”
“त्याला, हो.”
“आणि घंटा? खरंच?”
मी यंत्रावरच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं.
“आजोबांना विचार. त्यांनी पाहिल्यात.”

रात्री दोन वाजता ठोके एकशे चाळीसवर आले.
मी जमिनीवर बसले, पिंजऱ्याला पाठ लावून,
आणि ते नववं अंडं खाल्लं.
फार कडू होतं.
मागून त्यानं नाक जाळीला लावलं,
वास घेतला,
आणि बिनशेपटीचं ढुंगण हलवलं.