तीन जाहीरनामे, एक पाटी

कूलर बंद कर म्हटलं तृप्तीला,
त्याच्या घरघरीत आश्वासनं नीट ऐकू येत नाहीत.
एप्रिलची दुपार, नंदनवनातला दुसरा मजला,
ओल्या वाळ्याचा वास अजून खोलीत,
आणि टेबलावर तीन जाहीरनामे.
आधी हात फिरवला मी:
एक गुळगुळीत, लग्नपत्रिकेच्या कागदाचा,
एक जाडजूड, पिन बोटाला लागणारा,
एक झेरॉक्सचा गठ्ठा, अजून कोमट.
तिन्हींवर कुठेही एक उंचवटा नाही.
माझ्या बोटांपुरते तिघेही कोरे.

वाच म्हटलं. आमचं असेल तेवढंच.
तिला शोधायलाच वेळ लागला.
पहिल्यात पान एकेचाळीस,
पशुधनाच्या नंतर, क्रीडेच्या आधी.
सेलोकर दारातच बसले होते,
तीनचाकी खाली ठेवून, हातांवर जिना चढून आलेले.
"म्हशीच्या मागं आपला नंबर! असू दे नं,
तिले गोठा तरी सपाट भेटते."

मी पाटीत कागद अडकवला, टोचणी घेतली.
उजवीकडून डावीकडे टोचत गेले.
ब्रेल असंच लिहायचं, उलटं,
वाचायची वेळ आली की कागद पालटायचा.

पहिला म्हणतो पेन्शन दुप्पट.
कशाच्या दुप्पट, ते नाही.
दुसऱ्यानं आकडा दिलाय, तारीख नाही.
तिसऱ्याला घाई: शंभर दिवसांत.
यात गजभिये बाईंच्या पोराला कुठे बसवू?
एकतीसचा आहे, मूठ उघडत नाही त्याची.
यंत्रावर अंगठा उमटत नाही
म्हणून सात महिने पैसे अडलेत.
मुठीबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही.
भिंतींवरच्या चित्रांत मात्र
सगळ्यांच्या मुठी वळलेल्या असतात म्हणे.

एक आम्हाला दिव्यांग म्हणतो,
एक अपंग, तेही कंसात,
एक 'विशेष बांधव'.
आणि भगिनी? मी विचारलं.
तृप्तीनं पुढचं पान उलटून पाहिलं.
नाही म्हणाली, हळूच,
जणू तिनंच गाळल्या असाव्यात.

मग ती अडखळली.
"मावशी, हे वाक्य मघाशी वाचलं ना मी?"
सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यात येतील.
पहिल्यात आणि तिसऱ्यात, शब्दाला शब्द.
आणि दोन्हीकडे 'सुगम्य'च्या जागी
छापलंय 'सुगंधी'.
"म्हंजे आता तहसिलीत अत्तर शिंपडतेत!"
सेलोकर इतके हसले की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.
हसले मीही.
पण अठ्ठावीस वर्षं बँकेचा फोनबोर्ड सांभाळलाय,
दोन वेगळ्या लाइनींवर एकच आवाज आला
की त्याला काय म्हणतात, मला ठाऊक आहे.
कागदावर टोचलं: क्रॉस कनेक्शन.

मतदानाला शाळेत गेलो,
सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत.
रॅम्प होता. प्लायवूडची फळी, विटांवर टेकवलेली.
सेलोकर म्हणाले, रॅम्प कायचा, घसरगुंडी आहे.
चौघांनी उचललं त्यांना तीनचाकीसकट,
पाचव्यानं फोटो काढला.

आत एक साहेब. "मॅडम, मी दाबून देतो ना."
नको म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं.
बटणांच्या बाजूला बोट नेलं, आणि होते तिथे,
बारके, थोडे झिजलेले ठिपके:
एक. दोन. तीन. चार.
सबंध निवडणुकीत माझ्या लिपीत
मला मिळालेला एवढाच मजकूर.
मी तो दोनदा वाचला.
मागची रांग खाकरत होती.

पाटीवरचा तो कागद जपून ठेवलाय.
वहीत नाही, वजनानं ठिपके बसतात.
स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याला टेकवून
उभा केलाय.
तारीख सगळ्यात वर टोचली आहे.
पोळ्या लाटताना हात पुसून
मधूनच एकदा वाचते.