हेपवर्थची वही

गाडी घेतली तेव्हा अकरा वर्षांची होती,
एक लाख बारा हजार मैल चाललेली.
हडर्सफील्डच्या चढावर, लिंडलीतल्या एका दारात
जिलियन हेपवर्थ म्हणाली, बाबांची आहे.
किल्ली देताना तिनं किल्लीकडे पाहिलं नाही.

वॉर्डात सगळे म्हणाले, जपानी ना?
मग डोळे मिटून घे.
तेंदाईकडे तेच मॉडेल, तेच साल, तसाच करडा रंग.
तिची सत्तर हजारांवरच लीड्सच्या रस्त्यावर
धूर सोडून बसली.
एका साच्यातल्या दोघी बहिणी,
एक अशी, एक तशी.
आम्ही याला नशीब म्हणालो.
दुसरं काय म्हणणार? बॉनेट कुठून उघडतं
हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षं पहाटेच्या पाळीला
ती पहिल्या किल्लीत सुरू झाली.
गुणी आहे हो, मी आईला फोनवर सांगायचे,
काही मागत नाही.
जी मागत नाही तिला कोणी देत नाही,
हे निदान मला तरी
माहीत असायला हवं होतं.

जानेवारीत लाल दिवा लागला,
गोष्टीतल्या जादूच्या दिव्यासारखा दिसणारा.
तीन दिवस मी त्याच्या उजेडात गेले आले.
चौथ्या दिवशी फैसलनं दांडी ओढली,
पुसली, बुडवली, माझ्यापुढे धरली.
कोरडी.
हिला कोणीतरी फार जपलंय, तो म्हणाला,
आणि मग कोणीतरी सोडून दिलंय.
कोणी, ते तो बोलला नाही.
पाना शोधायला आत गेला.

गाडीचे कागद शोधताना खणात तळाशी सापडली
निळ्या पुठ्ठ्याची वही, पेन्सिलीचं बारीक अक्षर.

*तेल, फिल्टर. सव्वाचार लिटर.*
*पुढचं डावं चाक, हवा दोन पौंड कमी. खिळा दिसत नाही. लक्ष ठेवणे.*
*रस्त्यांवर मीठ पडायच्या आधी खालून धुतली.*
*डोरीननं सरबत सांडलं. साबणानं पुसलं. डाग राहिला. राहू दे.*

हात फिरे तिथे लक्ष्मी वसे,
आपल्याकडे म्हणतात ते केरसुणीबद्दल.
हा माणूस बिजागऱ्यांना ग्रीस लावत होता
तारीख घालून.

मग पानं बदलतात.
*हॉस्पिटल, दीड मैल.*
*हॉस्पिटल, दीड मैल.*
*हॉस्पिटल.*
*एवढ्याशा पल्ल्यात इंजिन तापतच नाही. हे बरं नाही तिला.*
*रविवार. तिला व्हिट्बीला नेऊन आणलं, एकशे सत्तर मैल.*
*श्वास मोकळा झाला. परतीला झोपली.*

डिझेलच्या गाडीला काजळी जाळायला
लांबचा रस्ता लागतो, हे फैसलनं सांगितलं.
ठीक. पण झोपली?
मी ते पान पुन्हा वाचलं.
त्याच्याही भाषेत गाडी ती,
माझ्याही.

हॉस्पिटल म्हणजे माझंच हॉस्पिटल.
तारखा लावून पाहिल्या, मी होते त्या महिन्यांत.
डोरीन आठवली नाही. खरंच नाही.
दारातला म्हातारा कोणीतरी आठवतो,
हातात टोपी, नखांत काळं,
पण तो बहुधा मीच आता बसवलाय.

व्हिट्बीनंतर एकच नोंद:
*बॅटरी बदलली.*
पुढे कोरी पानं.

आता रविवारी मी खाली गुडघ्यावर बसते,
चाकाला कान लावून, हवेचा काटा वाचत.
शेजारचा पोरगा विचारतो, बिघडली का?
नाही रे, बिघडलेली नाही.
यावर पुढे काय सांगावं ते सुचत नाही.

एक टकटक मात्र राहिली आहे,
थंड इंजिनात, पहिली दोन मिनिटं.
फैसल म्हणतो, ती जाणार नाही.
तेलाशिवायच्या त्या तीन दिवसांची आहे.

वहीत त्याच्या पेन्सिलीखाली
माझं बॉलपेन, देवनागरी, जरा तिरकं:
*तेल, तीन लिटर. उशिरा.*
*टकटक. लक्ष ठेवणे.*