घट

पोतं येतं पन्नासाचं, भरतं साडेअठ्ठेचाळीस.
वाटेत कुठे सांडतं ते विचारायचं नसतं,
वहीत त्याला रकाना आहे : घट.
नाट्याच्या रेशन दुकानात बारा वर्षं
मी तांदूळ मोजते
आणि हा शब्द लिहिते, सुबक अक्षरात.

बंदीचे दोन महिने. होड्या झापांखाली,
जाळी माळ्यावर, आणि घराघरांत
मीठ लावलेले बांगडे मोजून काढायचे दिवस.
नेमका तेव्हाच तालुक्याहून कागद आला,
एकशे चौदा नावं कमी.
कुणाचा मुलगा कुवेतला, म्हणून.
कुणाच्या नावावर इंजिन, तीन वर्षं बंद पडलेलं, म्हणून.
कुणी मयत, म्हणून.
त्यातली जैतून मुकादम माझ्यासमोर उभी,
कालवं फोडून चिरलेल्या बोटांत पिशवी धरून.

मी यंत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे.
"मेल्याली बाय रांगेत कशी उबी ऱ्हाणार गो?"
ती हसली. मी हसले. मागची माणसंही हसली.
मग तिने पिशवी काट्यावर ठेवली,
रिकामी.
"कर वजन."
साठ ग्रॅम.
"इतका तरी लिव माज्या नावावर."

त्या रात्री मी माळ्यावरच्या जाळ्यातली
शिशाची एक गोळी कापली.
बरोबर पन्नास ग्रॅम.
सकाळी ती मापाच्या बुडाला चिकटवली, डिंकाने.
कुणाला कळलं नाही.
पन्नास ग्रॅम म्हणजे काय, मूठसुद्धा नाही,
कोंबडीपुढे फेकतात तेवढे दाणे.
दोनशे दहा घरं, साडेदहा किलो.
काउंटरखाली गोडेतेलाचा डबा होता, तो भरला.

मला वाटलं होतं, पुरेल.

एकशे चौदा जणांत वाटले तर
माणशी ब्याण्णव ग्रॅम येतात.
दिव्याखाली तीनदा भागाकार केला,
तीनदा तेवढेच.
मग कागद घेतला, नावं लिहिली,
आणि ज्याचा मुलगा कुवेतला
त्याच्यावर रेघ मारली.
इंजिनवाल्यावर मारली.
हात जराही अडखळला नाही.
शेवटी सहा नावं उरली,
आणि माझं अक्षर तेच, सुबक.

महिनाभर चाललं.
मग इंदुमती तांडेल आली,
बाजारात मासळी तोलायचा आपला काटा घेऊन.
काउंटरवरच पिशवी टांगली.
"पन्नास कमी."
रांग गप्प झाली.
बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.
मी डबा दाखवला असता. दाखवायला हवा होता.
पण तो त्या दिवशी रिकामा होता,
आणि रिकामा डबा दाखवून
कुणाची बाजू मांडता येते?
मी माप उलटं केलं, गोळी उपटली,
तिच्या तळहातावर ठेवली.

तिने ती फिरवून बघितली, अंगठ्याने डिंक खरवडला.
"कोणासाठी?"
मी सांगितलं.
"माका इचारलंस?"
नाही म्हटलं.
"माजी चार पोरां हत घरात."
गोळी तिने पदराच्या टोकाला बांधली.
"बंदी उठली की लागतली,"
आणि गेली. पन्नास ग्रॅम मागितले नाहीत,
सोडलेत असंही म्हणाली नाही.

पुढचा भिकू मेथर.
त्याने पिशवीचं तोंड उघडून धरलं.
"घाल. उबो किती ऱ्हवू?"
मी घातले.
काट्यावरचे आकडे चढत गेले,
पाचावर येऊन थांबले. शून्य शून्य शून्य.
बारा वर्षांत इतकं चोख माप
माझ्या हातून पडलं नव्हतं.

पायरीशेजारच्या दगडावर
जैतून बसली होती,
पिशवीची घडी मांडीवर,
आणि तेच आकडे वाचत होती.