घट

पाषाणच्या टेकडीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये
सकाळी पावणेआठला मी वजन घेते:
एक्केचाळीस पूर्णांक शून्य आठ दोन सहा.
पेढ्याएवढी चकती. टंगस्टनचा सांगाडा,
त्याच्या छिद्राछिद्रांत मुरवलेलं तांबं.
नमुना सतरा.

सोळाला तडा गेला होता, तेराव्या सेकंदाला.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

निजामपूरकर दार ओढून घेतात,
खिशातली तपकिरीची डबी चाचपतात,
हिरवी काच डोळ्यांवर घेतात.
"घ्या मॅडम, बसवलं पाटावर."

आधी आवाज.
मग उजेड, ज्याच्याकडे बघायचं नसतं.
पायरोमीटरचे आकडे
रात्रीच्या रिक्षाच्या मीटरसारखे पळतात:
चौदाशे, सतराशे, दोन हजार शंभर,
आणि तिथे जरा अडखळतात.

"घामेजलं," निजामपूरकर म्हणतात.

खरंच, चकतीच्या कपाळावर थेंब.
तांबं वितळून वर येतं, वाफ होतं,
जाताना अंगावरची धग घेऊन जातं.
टंगस्टन मागे राहतं, जागच्या जागी, कोरडं.
अहवालात लिहायचं: टंगस्टन टिकलं.

चाळीस सेकंद. बंद.
वर, खऱ्या नॉझलच्या गळ्याला
एवढंच आयुष्य हवंय.

गार व्हायला पाऊण तास.
चहा येतो, काचेच्या ग्लासात, अर्धाच.
पुन्हा वजन: चाळीस पूर्णांक सहा एक नऊ तीन.
मी रकान्यात भरते: वस्तुमानातील तोटा.

"आमच्या आळीत घट म्हणायचे,"
ते चष्म्याची दोरी सोडवत सांगतात.
"वडील मोडीचं तांबं घ्यायचे. घट धरली
की गिऱ्हाईक भांडायचं. बंब
वीस वर्षं पाणी तापवायचा,
त्यावरून कुणी कधी भांडलं नाही.
घटीवरूनच सगळं."

मग विचारतात, "ते गेलं कुठे, मॅडम?
चारशे त्रेसष्ट मिलिग्रॅम?"

मी धुराड्याकडे बोट दाखवते. ते मान हलवतात,
खिडकीच्या काचेवरून फडकं फिरवतात,
उलटं करून मला दाखवतात:
लालसर पुट, हळदी-कुंकवाच्या
पुसल्या पाटासारखं.

"हे धरायचं का वजनात?"

कोष्टकात तसा रकाना नाही.
ते फडकं चौघडी घालून
डबीशेजारी खिशात ठेवतात.

चिमट्यात नमुना अठरा.
अजून गार. हाताला लागतो
तळघरातल्या पैशासारखा.